सायकलवाले, गाडीवाले आणि पायी चालणारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रोज सायकलने ये-जा करणाऱ्यांच्या आमच्या गटाकडे हे प्रश्न सतत येतात. निम्मे सायकलवाल्यांचे असतात, उरलेले सायकलवाल्यांवर वैतागलेल्यांचे. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत, उदाहरणं बहुतेक पुण्याची. खाली 'मोटार वाहन कायदा' म्हटलं आहे तो १९८८ चा, २०१९ च्या दुरुस्तीसह. 'वाहन चालवण्याचे नियम' म्हणजे केंद्र सरकारने त्याच कायद्याखाली २०१७ मध्ये काढलेले विनियम. एकच उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायकल कायद्याने वाहन आहे की नाही? तिला लायसन, विमा वगैरे काही लागतं का?

वाहन आहे, मोटार वाहन नाही. मोटार वाहन कायद्यातली व्याख्या यंत्राच्या बळावर चालणाऱ्या गाडीची आहे, त्यामुळे लायसन, नोंदणी, विमा, पीयूसी यातलं काहीही साध्या सायकलला लागत नाही. एके काळी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि त्याचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. बिनबिल्ल्याची, बिनदिव्याची किंवा डबलसीट सायकल पोलिसाने अडवल्याच्या आठवणी सत्तरीच्या कुठल्याही पुणेकराकडे मिळतील. कर गेला, बिल्ला गेला. त्यांच्याबरोबर नियमही गेले हा समज मात्र चुकीचा आहे (प्रश्न २).

२. सायकलवाले बिनधास्त सिग्नल तोडतात. दंड फक्त आम्हालाच का?

कारण दंडाची यंत्रणा नंबरप्लेटवर चालते. कॅमेरा नंबर वाचतो आणि ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येतं. सायकलला नंबरच नाही.

म्हणून सायकलला मोकळीक आहे असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली रस्त्यावरच्या सगळ्या प्रकारच्या रहदारीसाठी नियम करता येतात, आणि त्या कलमात गाडी हाकणारे, सायकल चालवणारे, पायी जाणारे इतकंच काय, गुरं नेणारेसुद्धा आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दलचं आहे. त्यात 'कोणतंही वाहन' असं म्हटलं आहे, मोटार वाहन नव्हे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये एक पोटकलम घालून सायकल आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं.

"मी धडकलो तर माझंच हाड मोडेल, दुसऱ्याला काय?" असं आमच्यातलेच काही जण म्हणतात. तुम्हाला चुकवायला दुचाकीवाला कचकन ब्रेक दाबतो आणि मागचा त्याच्यावर चढतो, तेव्हा हाड दुसऱ्याचंच मोडतं. लाल म्हणजे थांबा.

३. सायकलवाले डाव्या कडेने का जात नाहीत? मुद्दाम मध्ये येतात का?

हळू जाणाऱ्याने डावीकडून जावं, हे सायकललाही लागू आहे. पण डावीकडून म्हणजे गटाराच्या झाकणांवरून नव्हे.

कुठल्याही जुन्या रस्त्याची डावीकडची शेवटची दोन-तीन फूट पट्टी एकदा वाकून बघा. पावसाळी गटाराच्या जाळीच्या सळया बऱ्याच ठिकाणी प्रवासाच्याच दिशेने बसवलेल्या असतात आणि पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा टायर त्या फटीत आरामात उतरतो. डांबराचे थरावर थर पडल्यामुळे चेंबरचं झाकण वीतभर खाली गेलेलं असतं. पेव्हिंग ब्लॉक आणि डांबर जिथे भेटतात तिथे बोटभर उंचीची कड राहते. तिला चाक तिरकं लागलं की सायकल जागीच आडवी. वर खडी, काचा, पहिल्या पावसानंतरचा चिखल. आणि या सगळ्याच्या शेजारी उभ्या गाड्या, ज्यांचं दार कधीही उघडू शकतं (प्रश्न १२).

म्हणून रोजचा सायकलवाला कडेपासून साधारण एक मीटर आत आणि सरळ रेषेत चालवतो. ते तुमच्याही सोयीचं आहे, कारण तो पुढच्या क्षणी कुठे असेल हे तुम्हाला कळतं. कडेला चिकटून चालवणाराच खड्डा आला की ऐनवेळी तुमच्या बॉनेटसमोर येतो.

आता आमच्या लोकांना: एक मीटर आत म्हणजे तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत चालवणं नव्हे. रविवारी पहाटे सिंहगडाच्या रस्त्यावर जे चालतं त्याचं समर्थन आम्ही करत नाही. मागे गाडी आली की एकामागोमाग व्हायचं.

४. सायकलला ओव्हरटेक करताना किती अंतर सोडायचं?

आपल्या नियमांत सुरक्षित अंतर ठेवा असं आहे, मीटरमध्ये आकडा नाही. फ्रान्समध्ये शहरात १ मीटर आणि शहराबाहेर १.५ मीटर असा नियम आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान १.५ मीटर सांगितलं आहे. आपल्याकडे आकड्याची वाट न बघता एक सोपी खूण धरा: सायकलवाल्याने वळणाचा इशारा म्हणून उजवा हात आडवा पसरला तरी तो तुमच्या आरशाला लागता कामा नये.

तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला तुम्ही दोघं शेजारीच उभे असता. चढावर जास्त जागा सोडा, कारण वेग कमी झाला की सायकल थोडी डुलते. सायकलला खेटून कट मारत जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या हवेच्या झोतानेच तोल जातो, धक्का लागायचीही गरज नसते. आणि अगदी मागे आल्यावर हॉर्न मारू नका (प्रश्न १३).

५. डावीकडे वळताना सायकलवाला मध्येच घुसतो. चूक कुणाची?

हा प्रश्न बसचालकांकडूनही आला आहे आणि ज्यांच्यावर बस आली त्यांच्याकडूनही, म्हणून जरा सविस्तर.

सायकल सरळ चालली आहे आणि तुम्ही तिला मागे टाकून लगेच तिच्यासमोरून डावीकडे वळलात, तर चूक तुमची. वळण तुम्ही घेताय, सरळ जाणाऱ्याचा मार्ग मोकळा ठेवणं तुमचं काम. चौक जवळ आला असेल तर सायकलला मागे टाकूच नका, तिच्या मागून वळा. त्यात पाच-सहा सेकंद जातील.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बस सिग्नलला उभी आहे, डावा इंडिकेटर लागला आहे, आणि तुम्ही बस आणि फुटपाथ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून सायकल पुढे काढताय, तर ती जागा तुमची नाही. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून जात नाहीत, आत कापत जातात. बारा मीटरच्या बसला हा फरक इतका असतो की सुरुवातीला पुरेशी वाटणारी मोकळी जागा वळण अर्ध्यावर येताच उरतच नाही. बसच्या डाव्या अंगाला, दरवाजाच्या किंचित मागे असलेला सायकलवाला चालकाला आरशात दिसेलच असं नाही. कंटेनर, डंपर, सिमेंट मिक्सर यांच्याबाबत तर शंकाच नको. साधी खूण अशी: तुम्हाला चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात. अशा गाडीच्या मागेच थांबा, नाहीतर स्टॉपलाइनजवळ तिच्या बऱ्याच पुढे, काचेतून दिसाल असे उभे राहा.

'फ्री लेफ्ट'बद्दल: सिग्नल लाल असताना डावीकडे वळायला मुभा तिथेच, जिथे तसा फलक किंवा हिरवा बाण आहे. फ्री लेफ्ट असला तरी वळणावर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला आधी जाऊ द्यायचं असतं. ज्येष्ठ नागरिकांची सगळ्यात जास्त तक्रार याच वळणांची आहे, कारण तिथे त्यांना हिरवा कधी मिळतच नाही.

६. झेब्रा क्रॉसिंगवर सिग्नल नसेल तर आधी कोण?

पायी चालणारा. वाहन चालवण्याच्या नियमांत स्पष्ट आहे: सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगजवळ वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्याला जाऊ द्यायचं. पुढे रहदारी तुंबली असेल आणि पलीकडे जागा नसेल तर गाडी झेब्र्यावर आणून उभी करायची नाही, हेही त्यातच आहे. सिग्नल असेल तिथे स्टॉपलाइनच्या अलीकडे थांबायचं. हे विनियम मोडल्याबद्दल कायद्याच्या कलम १७७ अ मध्ये ५०० ते १००० रुपये दंड आहे.

प्रत्यक्षात आपल्याकडे झेब्र्याला पांढऱ्या रंगापलीकडे कुणी मान देत नाही, हे सांगायला आमची गरज नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. पन्नासच्या वेगात ब्रेककडे पाय जायला एक सेकंद लागला तरी तेवढ्यात गाडी चौदा मीटर पुढे जाते. तिशीत हेच अंतर आठ मीटरच्या आसपास. झेब्रा दिसल्यावर पाय आधीच ब्रेकवर नेणं इतकाच त्याचा व्यावहारिक अर्थ.

ओलांडणाऱ्यांसाठी: हात दाखवून, गाडीवाल्याकडे बघत, एका चालीत जा. मधेच धावू नका, मधेच मागे फिरू नका. एका लेनमधली गाडी थांबली म्हणजे शेजारच्या लेनमधली थांबलीच असं नाही. बहुतेक दगा तिथेच होतो.

७. फुटपाथच नाही, किंवा आहे पण त्यावर टपऱ्या आणि दुचाक्या. चालायचं कुठून?

फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. रात्री हे फारच महत्त्वाचं आहे. गडद कपडे टाळा, मोबाइलचा टॉर्च खाली धरून चालू ठेवा.

फुटपाथ अडवलेला असेल तर तक्रार महापालिकेकडे करायची, गाडी लावलेली असेल तर वाहतूक पोलिसांकडे. फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि झेब्रा या तिन्हींवर गाडी उभी करायला नियमाने मनाई आहे. तक्रारीत आकडे घाला: इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. टेप लावून काढलेला फोटो जोडला की अर्ज लवकर बाजूला पडत नाही, असा अनुभव आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण मंजूर केलं आहे, त्याचाही उल्लेख करा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या हक्काचा भाग मानला आहे.

८. रस्त्यावर भीती वाटते म्हणून फुटपाथवरून सायकल चालवली तर?

नको. फुटपाथ चालणाऱ्यांचा. भीती खरी आहे हे मान्य, पण ती आजींच्या अंगावर ढकलायची नाही. तेवढा टप्पा उतरून सायकल हातात धरून चाला (प्रश्न २०). अगदी लहान मूल छोट्या सायकलवर, पालक शेजारी चालत असतील तर कुणी काही म्हणत नाही आणि म्हणूही नये.

दुचाकीवाले फुटपाथवर चढतात त्याला मात्र कसलीही सबब नाही.

९. सायकल ट्रॅक असेल तर त्यावरूनच जायला हवं का? आणि ट्रॅकवर दुचाकी आली तर?

निळ्या गोलात सायकलचं चित्र असलेला फलक असेल तर तो ट्रॅक सायकलसाठी सक्तीचा. असा फलक नसेल तर ट्रॅक ही सोय आहे. ट्रॅक सलग आणि मोकळा असेल तर वापरावा, कारण त्यावर पैसे खर्च झालेत आणि तो रिकामा दिसला की उद्या पार्किंगला जातो. पण पुण्यातले बरेच ट्रॅक मध्येच विजेच्या डीपीपाशी किंवा बसथांब्याच्या पाठीमागे संपतात. सातारा रस्त्यावरचे जुने ट्रॅक बघितले तर कळेल. दर शंभर मीटरला चढ-उतर करत रस्त्यावर येण्यापेक्षा सुरुवातीपासून रस्त्यावर राहणं सुरक्षित.

ट्रॅकवर मोटार वाहन चालवायला मनाई आहे. गणवेशातल्या पोलिसाने वळवलं तर गोष्ट वेगळी. समोरून दुचाकी आली तर रस्ता अडवून वाद घालू नका, नंबर दिसेल असा फोटो काढा आणि पोलिसांना पाठवा. नंबरप्लेट त्याला आहे, तुम्हाला नाही.

१०. "फक्त शंभर मीटर राँग साइडने" चालतं का? वळसा फार लांब पडतो.

चालत नाही, कुणालाच. मोटार वाहनासाठी विरुद्ध दिशेने चालवणं कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. त्याच यादीत सिग्नल तोडणं आणि हातात फोन धरून चालवणंही आहे. पहिल्या गुन्ह्याला मूळ कायद्यात सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

सायकलला हे कलम लागत नाही, तरी राँग साइड हीच सायकलवाल्यांची सगळ्यात घातक सवय आहे. गल्लीतून बाहेर येणारा गाडीवाला उजवीकडे बघतो, कारण रहदारी तिकडून येणार. तुम्ही डावीकडून आलात तर त्याला तुम्ही दिसतच नाही. समोरून येणारा योग्य बाजूचा सायकलवाला तुमच्यासाठी भर रहदारीत बाहेर पडतो, ते वेगळंच. वळसा लांब असेल तर उतरा आणि चालत जा.

११. सायकलवर हेल्मेट, दिवा, घंटी सक्तीची आहे का?

कलम १२९ चं हेल्मेट मोटारसायकलसाठी आहे, साध्या सायकलसाठी नाही. तरी घाला.

दिव्याबाबत मात्र आम्ही आग्रही आहोत. मागचा लाल दिवा हेल्मेटपेक्षा आधी घ्या, कारण तो धडक होण्याआधी उपयोगी पडतो. पुढचा पांढरा, किंचित खाली झुकलेला. समोरच्याच्या डोळ्यात लुकलुकवत ठेवू नका. मागे लाल, पुढे पांढरा, पेडलला आणि चाकांना पिवळे रिफ्लेक्टर नव्या सायकलवर येतात. दिसायला बरं नाही म्हणून दुकानातच काढून टाकतात, ते करू नका. घंटी हवीच, 'ओ काका' हा तिला पर्याय नव्हे.

१२. उभ्या गाडीचं दार उघडलं आणि सायकलवाला आपटला. तो हळू चालवत होता असं मालक म्हणतात, मग जबाबदार कोण?

दार उघडणारा. मागून येणाऱ्याला अडथळा होणार नाही हे बघून दार उघडायचं, हे त्याचं काम. सायकल वेगात होती की हळू, याने त्यात फरक पडत नाही.

उपाय फुकट आहे: दाराच्या लांबच्या हाताने दार उघडा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याने डाव्या हाताने उघडायचं. डावीकडून उतरणाऱ्याने उजव्या हाताने. अंग आपोआप मागे वळतं आणि मागचं दिसतं. कॅब आणि रिक्षातून उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चालकाने गाडी रस्त्याच्या मध्येच थांबवली असेल तर तुमच्या डाव्या बाजूनेही दुचाकी येत असते.

१३. मागून हॉर्न वाजवला तर सायकलवाले चिडतात. मग सांगायचं कसं?

थोडं लांब असताना एकदा, छोटा. 'आलोय' एवढंच कळवायला. अगदी पाठीशी येऊन दाबलेला हॉर्न दचकवतो आणि दचकलेला माणूस हँडल हलवतो. 'बाजूला हो' या अर्थाचा हॉर्न बहुतेक वेळा निरर्थक असतो, कारण बाजूला प्रश्न ३ मधली पट्टी असते. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात हॉर्न मुळात बंद.

अपवाद रुग्णवाहिकेचा. तिचा भोंगा ऐकला की सायकलसकट सगळ्यांनी डावीकडे होऊन वाट द्यायची. मोटार वाहनाने अडवली तर कलम १९४ ई मध्ये दहा हजार रुपये दंड आहे.

१४. रात्री सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतो. आणि कधी पोलीसमामा हिरव्यालाही थांबवतात. काय पाळायचं?

लुकलुकणारा पिवळा: हळू व्हा, बघा, जा. लुकलुकणारा लाल: पूर्ण थांबा, बघा, मग जा. गणवेशातला पोलीस हाताने इशारा करत असेल तर दिव्यापेक्षा त्याचा हात मोठा. दिवेही नाहीत आणि पोलीसही नाही, तर गल्लीतल्याने मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. वर्तुळाकार चौकात आत असलेल्याचा हक्क पहिला.

अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढणारी सायकल असली तरी नियम तोच. थांबलेली सायकल चढावर पुन्हा सुरू करायला काय लागतं हे एकदा करून बघा.

१५. एक्स्प्रेस वे, सी लिंक, उड्डाणपूल. सायकल कुठे चालत नाही?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सायकल, दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणाऱ्यांना बंदी आहे. मुंबईला सायकलने जायचं तर जुना महामार्ग. वांद्रे-वरळी सी लिंक आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू यांच्यावरही सायकल चालत नाही. शहरातल्या उड्डाणपुलांचं पुलागणिक वेगळं आहे. लाल कडेच्या गोलात सायकलचं चित्र असेल तर मनाई. फलक नसला तरी उतारावर वेगात येणाऱ्या गाड्या आणि कठड्याला खेटलेली लेन बघता, खालून रस्ता असेल तर खालून जा.

१६. इलेक्ट्रिक सायकल घेतली आहे. नंबर नाही, लायसन नाही. तरी पोलिसांनी अडवलं, असं का?

मोटरची ताकद २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, आणि बाकीच्या अटी पाळून तसं प्रमाणपत्र असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. अडचण होते ती दोन कारणांनी. एक, विक्रेता 'लॉक काढून' वेग चाळीसवर नेऊन देतो. त्या क्षणी ती मोटार वाहन होते: नोंदणी, विमा, लायसन, हेल्मेट सगळं लागतं, आणि धडक बसली तर विम्याविना गाडी चालवल्याचं प्रकरण मालकावर. दोन, पेडल नावापुरतं असलेली स्कूटर 'सायकल' म्हणून विकली जाते. बिल आणि मंजुरीचा कागद जवळ ठेवा. सायकल ट्रॅकवर नेली तर वेग सायकलचा ठेवा.

१७. मुलांचं काय? शाळेत सायकलने पाठवायला वयाची अट आहे का?

साध्या सायकलला नाही. तुमच्या मुलाला एका हाताने सायकल सांभाळत मागे वळून बघता येतं का, ही आमची कसोटी. तेवढं जमेपर्यंत मुख्य रस्ता नको.

ज्यांचा खरा प्रश्न "दहावीतल्याला स्कूटर देऊ का" असा असतो, त्यांच्यासाठी: सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं असतं, घरातली ११० सीसी त्यात बसत नाही. अल्पवयीनाने गाडी चालवली तर कलम १९९ अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना फेब्रुवारी २०२३ पासून पट्टा आणि हेल्मेट लागतं, वेगाची मर्यादा ४० किलोमीटर. या वयाला सायकलचं हेल्मेटही चालतं.

१८. गाडीने सायकलवाल्याला किंवा पादचाऱ्याला उडवलं. आधी काय, नंतर काय?

आधी १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. मदत करणाऱ्याला कलम १३४ अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, पोलिसांत अडकवलं जाण्याची भीती सोडा. २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार आहेत. चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, हे कलम १३४ सांगतं.

नंतर भरपाई. सायकलला विमा नसला तरी काही बिघडत नाही, कारण गाडीचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि तुम्ही म्हणजे तो तृतीय पक्ष. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, सहा महिन्यांच्या आत. चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. जास्त हवी असेल तर कलम १६६ खाली निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. गाडी पळून गेली तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. वाकलेली सायकल लगेच दुरुस्त करू नका, आधी पंचनामा होऊ द्या.

१९. मुलगा नेदरलँड्समध्ये आहे. तिथे म्हणे सायकलला लागलं की मोटारवालाच जबाबदार. आपल्याकडेही "मोठी गाडी दोषी" असंच आहे ना? आणि सायकलनेच एखाद्याला पाडलं तर?

नेदरलँड्सबद्दल मुलगा बरोबर सांगतोय, पण ते फौजदारी दोषाबद्दल नाही, भरपाईबद्दल आहे. तिथे मोटारवाल्याने सायकलस्वार किंवा पादचाऱ्याचं नुकसान भरून द्यायचं, टाळणं अशक्य होतं हे सिद्ध केलं तरच सुटका. चौदा वर्षांखालच्या मुलाला जवळपास नेहमी पूर्ण भरपाई, मोठ्याला स्वतःची चूक असली तरी निदान निम्मी.

आपल्याकडे "मोठी गाडी दोषी" असं कलम कुठेही नाही. तो जमावाचा कायदा आहे. प्रश्न १८ मधलं कलम १६४ हा त्यातल्या त्यात जवळचा भाग. कलम १६६ च्या दाव्यात सायकलवाल्याचा किंवा पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा दिसला तर भरपाईतून तेवढा वाटा कापतात. मात्र वाहन चालवण्याच्या नियमांत पादचारी, सायकलवाले, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेण्याचं ओझं चालकावर टाकलेलं आहे, आणि ते आम्हाला रास्त वाटतं. टनभर लोखंड ज्याच्या हातात, त्याने आधी सांभाळायचं.

सायकलने पादचाऱ्याला पाडलं तर न्यायाधिकरणाचा संबंध नाही, कारण मोटार वाहनच नाही. न्याय संहितेची कलम २८१ आणि १२५ लागू शकतात आणि दिवाणी दावा थेट तुमच्यावर येतो, मागे विमा कंपनी नसते. म्हणजे हिशेब केला तर बेफाम सायकल चालवणाऱ्याला धोका मोटारवाल्यापेक्षा जास्त. दारू पिऊन सायकल चालवणाऱ्यांसाठीही हेच: कलम १८५ मोटार वाहनापुरतं आहे, म्हणून फुंकणीचं चलान होणार नाही, पण २८१ आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम शिल्लक राहतात.

२०. नो एंट्रीतून सायकल हातात धरून चालत गेलो तर?

चालेल. उतरलात की व्यवहारात तुम्ही पादचारी: फुटपाथवरून जा, झेब्र्यावरून ओलांडा, गर्दी असेल तर सायकल रस्त्याच्या बाजूला आणि तुम्ही आतल्या. पेडल खालच्या बाजूला ठेवा, शेजारच्याच्या नडगीला लागतं. एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्याने ढकलत सुसाट जाणं हे चालणं नव्हे. पोलिसांनाही ते माहीत आहे.